एका टोकाचं माप

मंगळवार, १२ मार्च

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, वहिनींचा गुडघा पूर्वीपेक्षा कमी कुरकुरत असेल आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तू आता खिडकीतल्या कुंडीत पुरत नसशील, असं धरून चालते. आम्ही इकडे ठीक आहोत. निवृत्त झाल्यापासून ह्यांचं घरात लक्ष फार वाढलंय. परवा स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि मिठाच्या डब्यावर 'साखर' लिहिलं. त्या दिवशीचा चहा तू प्यायला हवा होतास. लेकीचा दर रविवारी फोन येतो. ती विचारते, मामाशी बोललीस का, आणि मी म्हणते, लिहिणार आहे.

तर लिहितेय. तू चष्मा शोधत म्हणशील, हिला फोन करायला काय झालं होतं. पण फोनवर आपण पाऊसपाणी, गुडघा आणि "बरं, ठेवतो" यापलीकडे गेल्याला नऊ वर्षं झाली. म्हणून हा कागद.

मला एक मोठं काम मिळालंय. धक्क्यावरची ती लांबलचक वखार आठवते का, दोरखंडांची? बाबा होड्यांच्या कामासाठी दोर आणायला आपल्याला घेऊन जायचे, आणि एकदा तू कप्पीला लोंबकळून शर्ट फाडलास आणि मार मी खाल्ला. ती कितीतरी वर्षं बंद होती. आता ती दुरुस्त करून नव्या भाडेकरूंना द्यायची आहे, नकाशे आणि देखरेख माझ्याकडे. तळमजल्यावर होड्या दुरुस्त करणाऱ्यांची संस्था, मधल्या मजल्यावर वाचनालय, वर बायकांना शिवणकाम शिकवणारी शाळा. हो, तेच वाचनालय. त्याबद्दल पुढे लिहिते.

दादा, काय इमारत आहे. तुळयांना हात लावला की कळतं, बांधणाऱ्याने लाकूड निवडताना घाई केलेली नाही. एकाही सांध्यात खिळा नाही. भिंती हातभर जाड, पण खालचा गिलावा खारट हवेने पापुद्रे सुटून पडतोय. उधाणाच्या भरतीला पाणी उंबऱ्यावरून आत येतं आणि ओहोटीबरोबर आपलं आपण परत जातं. पूर्वीच्या लोकांनी त्याच्याशी भांडण काढलं नव्हतं, खाली नुसता दगड अंथरला होता. मीही तेच करणार आहे. फक्त विजेची बटणं माणसाच्या खांद्याइतकी वर घेतली आहेत.

मधल्या मजल्याची गंमत वेगळी आहे. तिथली लाकडी जमीन समुद्राकडे उतरते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार बोटांचा फरक आहे. ठेकेदाराचा इंजिनियर म्हणाला, "मॅडम, इमारत खचलीये. वरून काँक्रीट ओतून सपाट करून टाकू." मी म्हटलं, थांब बाबा. खाली वाकून पाहिलं तर समुद्राकडच्या भिंतीत जमिनीलगत मुठीएवढी भोकं आहेत, ओळीने. ओले दोर वाळत घातले की पाणी उतारावरून भोकांतून बाहेर जायचं. म्हणजे उतार मुद्दाम ठेवलेला. 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणतात ना, इथे अंगण खरंच वाकडं आहे आणि ते तसंच हवं होतं.

उतार मोजायला मी पातळी दाखवणारी पाण्याची नळी घेतली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तिथला राखणदार. मी आकडा सांगितला तर तो माणूस, कोणी शिकवलं नसताना, तोच आकडा मोठ्याने परत बोलला आणि मग खडूने भिंतीवर लिहिला. बाबांची पद्धत. एकाने सांगायचं, दुसऱ्याने परत बोलायचं, मगच लिहायचं, आणि कितीही सरळ दिसलं तरी माप दोन्ही टोकांना घ्यायचं. मी नळी तशीच धरून उभी राहिले. राखणदार म्हणाला, "बाई, काय झालं? आकडा चुकला का?"

मी म्हटलं, हा नाही चुकला.

आता कामाचं. उतार ठेवायचा म्हटलं की वाचनालयाचं प्रत्येक कपाट सरळ उभं राहायला त्याच्या त्याच्या जागेपुरती वेगळी लाकडी बैठक खाली लागणार. अशी त्रेसष्ट कपाटं आहेत. शिवाय खालून वरपर्यंत दोन नवे लाकडी जिने. हे काम कारखान्यात एक माप देऊन होणारं नाही. प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून बसणारा माणूस पाहिजे. असा माणूस मला एकच माहीत आहे आणि तो गेली नऊ वर्षं फळांची खोकी ठोकत बसलाय.

म्हणून परवाच्या बैठकीत मी तुझं नाव काढलं.

वखारीचं काम पाहणाऱ्या समितीत तिघं आहेत. अध्यक्ष म्हणजे आपले ते निवृत्त कप्तान, वाचनालयाच्या कामातही होते ते. एक वकील आहेत, ते नवे. आणि तिसऱ्या ग्रंथपाल बाई. त्या आता काठी घेऊन चालतात. मी नाव घेतलं तसे कप्तान म्हणाले, "म्हणजे तो जिन्याचा सुतार?" बाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. वकिलांनी विचारलं, कोणता जिना? कप्तानांनी दोन वाक्यांत सांगितलं. वाचनालयाचा नवा जिना, सुताराने सगळ्यात वरची पायरी दीड इंच उंच बसवली, उद्घाटनाच्या चौथ्या दिवशी बाई उतरताना पडल्या, खुबा मोडला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ आहे, तुमची माया आम्ही समजू शकतो."

आणि मी काय केलं असेल? समोरचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायले. सगळं.

दादा, तीन पानं झाली, आता फिरवून फिरवून लिहिण्यात अर्थ नाही. तो जिना तू चुकवला नव्हतास. वाचनालयात माप घ्यायला मी एकटी गेले होते. घाईत होते, त्याच दिवशी दुसरं एक काम पाहायला जायचं होतं. टेपचं टोक खिळ्यात अडकवलं, खिडकीकडच्या बाजूला मजल्याची उंची घेतली आणि जिना येणार होता त्या दाराकडच्या टोकाला गेलेच नाही. खालची जमीन सपाट दिसत होती. दाराकडे ती दीड इंच बसलेली होती. माझ्या कचेरीत कप्तानांसमोर तू विचारलं होतंस, "दोन्ही टोकांना घेतलंस ना?" मी "हो" म्हणाले. त्या एका 'हो'चं मी आजवर कोणाजवळ नाव काढलेलं नाही, ह्यांच्याजवळही नाही.

पुढे चौकशी झाली तेव्हा मी खोटं एक अक्षर बोलले नाही, हे माझं शहाणपण. प्रत्येक नकाशाच्या खाली आम्ही एक ओळ छापतो: सर्व मापे जागेवर तपासून घ्यावीत. मी नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "माझ्या हातून झालं." मी मूग गिळून बसले. तू मला वाचवलंस आणि मी वाचवून घेतलं. वखारीचं हे कामसुद्धा मला मिळालं ते माझा दोष नव्हता असं ते धरून चालतात म्हणून.

पाच एप्रिलला समिती सुतार ठरवणार आहे. त्या दिवशी मी सगळं सांगायचं ठरवलंय. माझं काम जाईल कदाचित, जाऊ दे. पण तुझ्या नावावरचा डाग धुतला गेला तर तू येशील का? जिने तुझ्या हातचे व्हायला हवेत. आणि मला तुझ्याकडून माफी हवी आहे, तीही मागते. नऊ वर्षं उशीर झाला, पण मागते.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी


शुक्रवार, २२ मार्च

चि. पट्टीबाईस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. मला लिहायची सवय नाही. आधी फळीवर पेन्सिलीने लिहिलं, मग तुझ्या वहिनीने वाचलं, मग रंधा मारून पुन्हा लिहिलं. तीन फळ्या पातळ झाल्या.

गोळ्यांचं तुला कोणी सांगितलं ते कळलंय. घरभेदी माणूस घरातच असतो. कुंडीतलं झाड मात्र जोरात आहे.

वखारीचा उतार ठेवलास ते बरं केलंस. बाबा असते तर त्या इंजिनियरला भोकं मोजायला बसवलं असतं.

आता माफीचं. ती जरा बाजूला ठेव, आधी माझं ऐक. तू लिहितेस मी तुला वाचवलं. नाही वाचवलं.

कचेरीत मी दोन्ही टोकांचं विचारलं तेव्हा तू नुसतं 'हो' नाही म्हणालीस. तू म्हणालीस, "दादा, तू नकाशाप्रमाणे कर, बाकीचं माझ्यावर सोड." कप्तान हसले. त्यांच्याबरोबर आलेले दोघे हसले. तुला आठवतही नसेल. माझे कान तापले. तुला शिकवताना मी दोन ठिकाणी काम करत होतो, ते मी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी मनात आलं.

जिना बसवला तेव्हा पहिल्या मिनिटात कळलं. जिना वर दीड इंच कमी पडत होता. कानाला पेन्सिल होती, ती काढलीही. दोन दिवसांचं काम होतं, पायऱ्या सोडवून फरक सगळ्यांत वाटून दिला असता. मग मनात आलं, नकाशाप्रमाणे कर म्हणाली ना? मग घे. उद्घाटनाला हिच्याच पायाला लागू दे, येईल दादा दादा करत. पेन्सिल परत कानावर ठेवली आणि वरची पायरी तशीच ठोकली. तू त्या दिवशी हार, खुर्च्या आणि पाहुणे यांत होतीस, वर गेलीच नाहीस. चौथ्या दिवशी बाई पडल्या.

तेव्हा चौकशीत "माझ्या हातून झालं" म्हणालो ते तुझ्यासाठी नव्हे. खरं तेच बोललो. फक्त अर्धं बोललो. त्यानंतर माणसाचं पाऊल जिथे पडेल असं काही करायची हिंमत झाली नाही. खोक्यांवर कोणी चढत नाही.

सांगायचं असेल तर दोन्ही टोकांचं सांग. तुझंच सांगून मला देव करू नकोस, ते मला झेपणार नाही. हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. काम मिळालं नाही तर न मिळो.

माफी मी पण मागतोय असं समज. ते वाक्य फळीवर चार वेळा लिहिलं, नीट जमलं नाही.

जावईबापूंना नमस्कार. मिठाचा चहा एकटीने पी.

दादा


शनिवार, ६ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र आल्यावर मी आधी रडले आणि मग तुझ्यावर इतकी चिडले की दोन दिवस ह्यांच्याशीही धड बोलले नाही. बिचाऱ्यांनी घाबरून डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. ज्यावर सगळे हसले ते वाक्य मला खरंच आठवत नव्हतं. आता आठवतं. तो आवाजही आठवतो, कप्तानांसमोर मोठं दिसण्यासाठी काढलेला.

काल बैठक झाली. मी उभी राहिले आणि आधी माझं सांगितलं, एक टोक, ते 'हो' आणि नकाशावरची ओळ. मग तुझं पत्र काढून वाचलं, गोळ्यांचा आणि तीन फळ्यांचा भाग सोडून. वकिलांनी मध्येच हात वर करून सांगितलं की हे सगळं लेखी नोंदवलं जाईल, तेव्हा विचार करून बोला. मी म्हटलं, विचार नऊ वर्षं केला, नोंदवा.

मला वाटत होतं कप्तान ओरडतील. ते ओरडले नाहीत, त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. मला वाटत होतं बाई रागावतील. त्यासाठी मी तयारी करून गेले होते. कोणत्या शब्दांत क्षमा मागायची तेही घोकलं होतं.

बाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे पायरी खरंच उंच होती?"

मी म्हटलं, हो, बाई. दीड इंच.

"मग सुताराची चूक म्हणतात ते खरंच होतं तर. मला वाटलं, माझी लाज राखायला म्हणतात." मग म्हणाल्या, "माझ्या हातात पुस्तकं होती त्या वेळी. सात पुस्तकं. एवढी पुस्तकं घेऊन उतरायला नको होतं, असं मी स्वतःला सांगत आले. मुलगा म्हणायचा, आई, आता वय झालं, बघून चालत जा. मी जिने चढायचं सोडलं. घरात माझी वरची खोली होती, खिडकीतून समुद्र दिसायचा, ती सुनेला दिली आणि खाली राहायला आले. वाचनालयात वरच्या कपाटांकडे पुन्हा गेले नाही. वाटायचं, आपलाच पाय आता भरवशाचा राहिला नाही."

दादा, त्या शांतपणे बोलत होत्या, आणि मला खुर्चीवर बसवेना. आपण दोघांनी काय केलं होतं? मी तुझा विचार करून झुरले, तू माझ्यावरच्या रागाचा विचार करून हत्यारं गुंडाळून ठेवलीस. चूक तुझी की माझी, नाव कोणाचं गेलं, माफी कोणी मागायची. एवढ्यातच आपण फिरत राहिलो. ज्यांचं हाड मोडलं त्यांना पायरी किती उंच होती हे सांगावं असं आपल्या दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. दवाखान्यात मी फुलं घेऊन गेले होते, तेव्हासुद्धा "लवकर बऱ्या व्हा" म्हणून परत आले.

मी घोकलेलं काहीच बोलू शकले नाही. "चुकलं" एवढंच म्हणाले.

तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. म्हणाल्या, "तुम्ही भावंडं एकमेकांना पत्रं लिहिताय. छान लिहिताय. माझं घर वाचनालयापासून तिसऱ्या गल्लीत आहे. पायी आलात तरी दहा मिनिटं लागतात."

बरोबरच होतं.

निर्णय असे झाले. माझं काम काढून घ्यावं असं वकिलांचं मत पडलं. कप्तान म्हणाले, उतार ओळखला तो हिनेच, तेव्हा हिला ठेवू, पण यापुढे माझं प्रत्येक माप दुसरा वास्तुविशारद जागेवर येऊन तपासेल आणि त्याच्या सहीशिवाय एकही नकाशा बाहेर जाणार नाही. मी मान्य केलं. तो माणूस माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि फार गंभीर चेहऱ्याने टेप धरतो. आज सकाळी मी आकडा सांगितला आणि त्याला म्हटलं, परत बोल. तो म्हणाला, "कशाला? ऐकलं मी." त्याला शिकवावं लागेल.

सुताराचा निर्णय कप्तानांनी बाईंवर सोपवला. "जिना तुम्ही चढणार, तुम्ही सांगा." बाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हणाल्या, "त्याला घेऊन या. आधी माझ्या घरी, दोघं मिळून. जे इथे वाचलंत ते त्याने मला तोंडाने सांगायचं. काम द्यायचं की नाही ते मी मग बघेन."

तेव्हा काम मिळेल असं सांगून मी तुला बोलावत नाहीये. कदाचित सगळं ऐकून त्या नको म्हणतील, आणि मग तू आल्या पावली परत जाशील, आणि मी एखाद्या अनोळखी सुताराला कपाटांच्या त्रेसष्ट बैठका समजावत बसेन. हे तुला आधीच सांगते. तरीही ये. माझ्यासाठी येऊ नकोस, आणि तुझ्या नावासाठीही नको.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनवर असेन. वहिनींना आणलंस तर उत्तम, पण बाईंकडे आपण दोघंच जाऊ. हातात काही नेणार नाही. मी फुलं एकदा नेऊन पाहिली आहेत.

तू माफीचं वाक्य चार वेळा लिहिलंस आणि जमलं नाही म्हणतोस. मला ते पोचलं, माझ्यापुरतं पुरे झालं. बाईंपुढे पाचव्यांदा जमवायचं आहे. फळी आणू नकोस, तिथे रंधा मारायला मिळणार नाही.

आपण एकमेकांची वाट पाहत होतो, दादा, आपल्याला तेवढं तरी होतं. बाई कोणाचीच वाट पाहत नव्हत्या. आपल्याकडे कोणी काही सांगायला यायचं राहिलंय, हेच त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत आहे. उशीर करू नकोस.

ज्यांच्यामुळे बाई पडल्या त्या दोघांपैकी एक,
तुझी बहीण